खाडीत पाग टाकायला जागा कशी निवडावी? भरती-ओहोटी, तळ आणि परतीची वाट यांची सविस्तर माहिती

राजापूर (वार्ताहर) : भातकापणी आटोपली, उडव्या रचून झाल्या, की आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या गावांत संध्याकाळी एकच विषय निघतो. पाणी निवळलं का? बोय लागली का? मग माळ्यावरचा पाग खाली येतो, फाटलेल्या आसांची शिवण होते आणि गडीमाणसं खाडीकडे वळतात. मोठ्या होड्यांची, ट्रॉलरची गोष्ट वेगळी. आपण बोलतोय ते ओहोटीला उघड्या पडणाऱ्या आणि भरतीला गुडघाभर ते कमरेभर पाणी येणाऱ्या उथळ जागांबद्दल. तिथं होडी लागत नाही, डिझेल लागत नाही. लागतो तो एक पाग किंवा गरी, आणि जागेची पारख.

ही पारख पूर्वी बापाबरोबर गेलं की आपोआप यायची. आता बरीच मुलं मुंबई-पुण्याला असतात, सणाला किंवा मे महिन्यात गावी येतात आणि मोबाईलवर व्हिडिओ बघून थेट पाण्यात उतरतात. त्यात दोन तोटे होतात. मासा मिळत नाही हा लहान तोटा. पाणी मागून वेढतं हा मोठा. मी स्वतः शेतकरी आहे, खाडीवर पोट नाही, पण तीस वर्षं पाग टाकतोय आणि एकदा चांगलाच फसलोय. ती हकीकत पुढं येईलच. आधी जागा कशी निवडायची ते क्रमानं बघू.

उथळ जागा म्हणजे नेमकी कुठली?

आपल्या जिल्ह्याला उत्तरेकडून दक्षिणेकडे खाड्यांची रांगच आहे. सावित्रीची बाणकोट खाडी, मग केळशी, आंजर्ले, वाशिष्ठीची दाभोळ खाडी, शास्त्रीची जयगड खाडी, काजळीची भाट्ये खाडी, मुचकुंदीची पूर्णगड खाडी आणि खाली जैतापूरची खाडी. सह्याद्रीतून येणाऱ्या नद्या जो गाळ आणि वाळू आणतात ती खाडीत पाण्याचा वेग कमी होतो तिथं बसते. त्यातूनच चिखलाची सपाटी, वाळूचे दांडे आणि तिवरांची बेटं तयार होतात.

मासा अशा उथळ जागी येतो तो खायला. ओहोटीला उन्हात तापलेल्या चिखलावर बारीक शेवाळ धरतं, आत किडे असतात, वाळूत मुळे-तिसऱ्या असतात, बिळांत खेकडे असतात. भरतीचं पाणी चढलं की मासा त्यावर चरायला वर येतो आणि पाणी उतरायला लागलं की खोल भागाकडे परततो. थोडक्यात, गुरं जशी सकाळी रानात जातात आणि संध्याकाळी पायवाटेनं गोठ्यात येतात तसंच. तुम्हाला शोधायचं असतं ते रान कुठलं आणि पायवाट कुठली.

परदेशी व्हिडिओंबद्दल इथंच एक सांगून टाकतो. अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या किंवा बहामा बेटांच्या उथळ पाण्यातली मासेमारी आपली पोरं मोबाईलवर बघतात. तिथलं पाणी काचेसारखं असतं, भरती-ओहोटीचा फरक आपल्यापेक्षा बराच कमी असतो आणि मासा डोळ्यांनी बघून त्याच्यासमोर गरी टाकतात. आपल्या खाडीचं पाणी गढूळ, ओढ जास्त. तिथला माणूस माशावर नजर ठेवतो, आपल्याला पाण्याच्या चालीवर आणि तळावर नजर ठेवावी लागते. तेव्हा ते बघा, मजा घ्या, पण तसंच्या तसं इथं करू नका.

आधी तिथी, मग जागा

कुठलीही जागा दिवसभर चांगली नसते. म्हणून जागा ठरवण्याआधी पाणी कधी चढणार, कधी उतरणार हे कळायला हवं.

आपल्याकडे दिवसातून दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून रोज भरती आदल्या दिवसापेक्षा सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. जुन्या माणसांचा हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करा, जेवढं येईल तेवढ्या वाजता भरती. उदाहरणार्थ :

• द्वितीया : दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे दीड वाजता भरती. पुरी ओहोटी साधारण सव्वासात-साडेसातला.
• पंचमी : पावणेचारला भरती, ओहोटी दहाच्या सुमारास.
• अष्टमी : सहाला भरती, ओहोटी बाराला.
• एकादशी : सव्वाआठला भरती, ओहोटी अडीचच्या आसपास.

शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. दिवसाची भरती आणि रात्रीची भरती दोन्ही याच वेळेच्या आसपास येतात. मात्र हा अंदाज आहे, घड्याळ नव्हे. मुंबईपेक्षा रत्नागिरीच्या किनाऱ्यावर भरती थोडी लवकर लागते, आणि खाडीत जसजसं आत जाल तसतशी ती उशिरा पोचते. खाडीच्या तोंडावरचं गाव आणि सात-आठ मैल आतलं गाव यांच्या वेळेत चांगला फरक पडतो. मोबाईलवर भरतीची वेळ दाखवणारी ॲप मिळतात, पण ती जवळच्या बंदराची वेळ सांगतात, तुमच्या वाडीची नाही. म्हणून दोन-तीन दिवस आपल्या घाटावर उभं राहून बघा आणि ॲपपेक्षा किती मिनिटांचा फरक आहे तो कायमचा लिहून ठेवा.

दुसरी गोष्ट उधाण आणि भांग. अमावस्या आणि पौर्णिमेच्या आसपास, विशेषतः नंतरच्या एक-दोन दिवसांत, पाणी जास्तीत जास्त चढतं आणि जास्तीत जास्त उतरतं. ते उधाण. अष्टमीच्या आसपास चढ-उतार कमी असतो. तो भांग. उधाणात मोठी सपाटी उघडी पडते, मासा लांबवर वर येतो, पण ओढही जबर असते आणि पाणी गढूळ होतं. भांगात पाणी शांत आणि निवळ असतं, पण उथळ जागेवर मासा फारसा चढत नाही, खोल भागाच्या कडेलाच फिरतो. नवख्या माणसानं उधाण उतरल्यावरचे दिवस, म्हणजे चतुर्थी ते सप्तमी, निवडावेत. ओढ बेताची असते आणि मासाही हलता असतो.

दिवसातली वेळ म्हणाल तर दोन वेळा चांगल्या. ओहोटीचे शेवटचे दोन तास आणि भरतीचे पहिले दोन तास. ओहोटीला मासा सपाटीवरून उतरून ठरावीक वाटांनी जातो, तिथं पाग टाकायचा. भरतीला तो पाण्याच्या पहिल्या लोटाबरोबर कडेनं वर सरकतो, तिथं टाकायचा. मधल्या भरल्या पाण्यात मासा सगळीकडे पांगलेला असतो. तेव्हा पाग मारत बसलात तर खांदा तेवढा दुखणार.

तळ काय सांगतो?

जागा निवडायचा खरा दिवस हा मासे मारायचा दिवस नसतो. पुऱ्या ओहोटीला, हात रिकामे ठेवून, काठाकाठानं एक फेरी मारा. तळ उघडा असतो तेव्हा तो सगळं दाखवतो.

मऊ चिखल : यावर निवट्या उड्या मारताना दिसतात, खेकड्यांची बिळं असतात. बोय, कोळंबी, काळुंदर यांची ही चरायची जागा. पाय घोट्यापर्यंत गेला तर चालेल. पोटरीपर्यंत गेला तर तिथं उतरू नका, काठावरूनच पाग टाका. गुडघ्यापर्यंत गेला तर ती जागा सोडून द्या, मासा कितीही असो.

चिखल-वाळू मिसळलेला तळ : ही सगळ्यात चांगली जागा. पायाला घट्ट लागते आणि खाणंही भरपूर असतं. वाळूवर शेवयांसारख्या गुंडाळलेल्या मातीच्या बारीक ढिगल्या दिसल्या तर खाली किडे आहेत असं समजा. मुळे किंवा तिसऱ्या लागत असतील तर आणखी चांगलं. कुठं मुळे आहेत हे गावातल्या बायकांना विचारा. ओहोटीला कोयती आणि टोपली घेऊन खाडीत जाणाऱ्या आपल्या आया-बहिणींना तळाची जेवढी माहिती असते तेवढी पाग टाकणाऱ्या पुरुषांना नसते, हे मी अनुभवानं सांगतो.

स्वच्छ वाळू : खाडीच्या तोंडाजवळ अशी पुळण असते. इथं मुडदुशी मिळते, वाळूत दबून बसलेला लेपा मिळतो. गरीला चांगली जागा. पण वाळूचा दांडा दरवर्षी पावसाळ्यात जागा बदलतो. गेल्या वर्षीचा उथळ भाग या वर्षी खोल असू शकतो. म्हणून नारळी पौर्णिमेनंतर पाणी निवळलं की दांड्याची पाहणी पुन्हा नव्यानं करायची.

कातळ आणि कालवांच्या शिंपा : याच्या कडेला तांबोशी, गोबरा, खजुरा असे मोठे मासे दबा धरून असतात. पण पाग टाकला की अडकला आणि फाटलाच समजा. इथं गरीच वापरा आणि पायात जाड तळाचे बूट किंवा जुने चपलाबूट घाला. कालवाची शिंप पाय उभा चिरते, आणि खाडीच्या पाण्यातली जखम लवकर चिघळते.

माशाची पायवाट ओळखा

सपाटी ओळखली की तिच्यातून पाणी कुठून उतरतं ते बघा. पुऱ्या ओहोटीला चिखलात शिरांसारखे बारीक चर दिसतात. ते एकत्र होऊन मोठा चर होतो आणि तो मुख्य खाडीला मिळतो. तो मिळायचा कोपरा ही पहिली पसंतीची जागा. ओहोटीला सगळ्या सपाटीवरचा मासा त्या एका तोंडातून बाहेर पडतो.

दुसरी पसंती खाजणाच्या उघाडीबाहेर. बांधाच्या आतलं पाणी ओहोटीला उघाडीतून सुटतं तेव्हा त्याबरोबर बारीक मासळी आणि कोळंबी येते, आणि ती खायला खजुरा, शिंगाळा बाहेर थांबतात. मात्र उघाडीच्या अगदी तोंडाशी उभं राहू नका. तिथं खड्डा असतो आणि पाण्याचा जोर पाय उचलतो. शिवाय खाजण कुणाच्या मालकीचं, कुणाच्या ठेक्याचं आहे ते आधी विचारा.

तिसरी पसंती तिवरांची कड. भरतीला तिवराच्या मुळांत पाणी शिरतं तेव्हा बारीक मासा आसऱ्याला आत जातो. बाहेरच्या कडेपासून दोन-तीन वाव अंतर ठेवून पाग टाकावा. मुळांवर टाकलात तर पाग जाईल आणि मुळंही तुटतील.

चौथी पसंती वळणाची. खाडीच्या वळणावर बाहेरची बाजू खोल आणि आतली बाजू उथळ असते. आतल्या उथळ बाजूची जिथं खोलाशी गाठ पडते ती रेघ पाण्याच्या रंगावरून कळते. उथळावर पाणी फिकट, खोलावर गडद. त्या रेघेवर गरी टाकायची.

ओहोटीत साचून राहिलेली कोंडं बघून पुष्कळांना मोह होतो. मासा अडकलेला असतो, सहज मिळतो. मोठा मासा जरूर घ्या. पण ती कोंडं म्हणजे पिल्लांचीही जागा. ढवळून सगळी पिल्लं मारलीत तर पुढच्या वर्षी पागात काय येणार याचा विचार करा.

पक्षी, पाणी आणि वारा

बगळा ज्या जागी एका पायावर निवांत उभा आहे तिथं पाणी वीतभर आहे आणि बारीक मासा आहे. पाणकावळे जिथं वारंवार बुड्या मारतात तिथं खोली आहे. खंड्या एकाच फांदीवरून पुन्हा पुन्हा सूर मारत असेल तर त्या फांदीखाली मासळीची ये-जा आहे. घारी आणि कुरव वर घिरट्या घालत असतील तर खाली मोठ्या माशानं बारीक मासळी वर उठवलेली असते.

पाण्यावरच्या खुणाही वाचायला शिका. बोयीचा थवा वर आला की पाण्यावर पावसाचे थेंब पडल्यासारखी लव दिसते, मधूनच एखादी उडी मारते. चिखल उकरून खाणारा मासा असेल तर स्वच्छ पाण्यात मध्येच गढूळ ठिपका उठतो.

वारा विसरू नका. हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वाहते, पाणी तेलासारखं शांत असतं. दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा सुटतो, लाटा उठतात, तळ दिसत नाही. म्हणून सकाळी लागणारी ओहोटी मिळाली तर ती सोडू नये. सूर्य पाठीशी ठेवलात तर तळ दिसतो, पण सावली पाण्यात पडली की मासा पळतो. सूर्य थोडा बाजूला ठेवून उभं राहावं.

ऋतूप्रमाणे जागा बदलते

पावसाळ्यात खाडीच्या वरच्या भागात गोडं पाणी भरतं, खाऱ्या पाण्याचा मासा तोंडाकडे सरकतो. पाण्याला ओढ असते, ओंडके वाहत येतात, तळ दिसत नाही. या दिवसांत खाडीत उतरू नये हेच बरं. आश्विन-कार्तिकात पाणी निवळतं आणि खारटपणा पुन्हा आत सरकतो, तेव्हा मधल्या भागातल्या सपाट्या चालू होतात. पौष-माघात थंडीनं सकाळी उथळ पाणी गार असतं. मासा उशिरा, ऊन चढल्यावर वर येतो. चैत्र-वैशाखात उलटं, दुपारी उथळ पाणी तापतं आणि मासा खोलात जातो. तेव्हा पहाट किंवा संध्याकाळ धरावी आणि सपाटीपेक्षा तिवरांच्या सावलीची कड बघावी.

परतीची वाट : सगळ्यात महत्त्वाचं

आता माझी हकीकत. बारा-तेरा वर्षांपूर्वी मेव्हणा मुंबईहून आला होता. अमावस्येनंतरची द्वितीया, म्हणजे उधाण. सकाळी सव्वासहाला आम्ही गुडघाभर पाण्याचा चर ओलांडून खाडीच्या मधल्या वाळूच्या दांड्यावर गेलो. सव्वासातला पुरी ओहोटी झाली. मासा असा लागला की विचारू नका. पागामागून पाग, पिशवी भरत आलेली. भरती लागल्याचं कळत होतं, पण पायाखाली दांडा कोरडा होता, म्हणून घाई वाटली नाही. पावणेदहाला वळून बघितलं तर मागचा चर छातीभर झालेला आणि ओढ अशी की पाय ठरेना. मला पोहता येतं. मेव्हण्याला येत नव्हतं.

आम्ही दांड्याच्या उंच टोकाला उभे राहून आरडाओरडा केला. कालवं काढून परतणाऱ्या दोन बायकांनी ऐकलं, त्यांनी काठावर जाऊन एका म्हाताऱ्या खारव्याला सांगितलं. तो होडी घेऊन आला तेव्हा आमच्या कमरेला पाणी होतं. पाग तिथंच गेला, मासेही गेले. म्हाताऱ्यानं शिव्या दिल्या नाहीत. एवढंच म्हणाला, "माशांकडं बघत होतास, पाण्याकडं पाठ होती तुझी." मेव्हणा त्यानंतर खाडीत उतरला नाही. मी उतरतो, पण आधी परतीची वाट बघतो.

चूक कुठं झाली ते समजून घ्या. भरती सहा तास सारखी चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक भाग पाणी चढतं. समजा चढ २ मीटरचा आहे. पहिल्या तासात वीतभरसुद्धा चढत नाही, सुमारे १७ सेंटिमीटर. माणूस म्हणतो, अजून वेळ आहे. पण तिसऱ्या एका तासात ५० सेंटिमीटर चढतं, म्हणजे गुडघ्याएवढं. आणि पाणी दांड्यावर समोरून येत नाही, ते आधी मागचा खोल चर भरतं. तुम्ही उभे असता ती जागा सगळ्यात शेवटी बुडते. म्हणून पायाखाली कोरडं आहे याचा अर्थ मागची वाट उघडी आहे असा होत नाही.

यासाठी काही नियम पाळा :

• चर ओलांडून पलीकडे जायचं असेल तर ओलांडतानाच चराच्या कडेला, पाण्याच्या रेघेवर काठी रोवा. भरती लागल्यावर काठी वीतभर बुडाली की मासा लागत असला तरी निघायचं.
• पुरी ओहोटी झाल्यापासून एका तासाच्या आत चर परत ओलांडायचा. मोबाईलला गजर लावा.
• एकट्यानं जायचं नाही. घरी कुठल्या जागी जातोय आणि किती वाजता येणार ते सांगून जायचं. पोहता न येणाऱ्यानं आणि लहान मुलांनी चर ओलांडायचाच नाही.
• रात्री आणि धुक्यात दांड्यावर जायचं नाही. काठ कुठल्या बाजूला ते कळत नाही.
• पागाची दोरी मनगटाला घट्ट गाठीनं बांधू नका. सुटेल असा फास ठेवा. मोठा मासा किंवा ओंडका लागला तर तो माणसाला ओढतो.
• चिखलात पाय रुतला तर ओढाताण करू नका, जास्तच रुततो. अंग मागं टाकून वजन पसरा, एक एक पाय हळूहळू हलवून सोडवा आणि लोळत-सरपटत घट्ट जागेवर या.
• उथळ वाळूत पाय उचलून टाकू नका, घासत चाला. वाळूत दबलेली वागळी पायाच्या धक्क्यानं निघून जाते. तिच्यावर पाय पडला तर शेपटीचा काटा बसतो. बसलाच तर जखम धुवा, सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा, वेदना कमी होते. आणि लगेच दवाखाना गाठा.
• शिंगाळ्याचे काटेही विषारी असतात, पागातून काढताना सांभाळा. फुगणारा केंड मासा पागात आला तर खाडीत सोडा. तो खाऊ नये, शिजवूनही त्याचं विष जात नाही.
• मोबाईल प्लास्टिकच्या घट्ट पिशवीत गळ्यात ठेवा. अडचणीत ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि समुद्रातल्या संकटासाठी तटरक्षक दलाचा १५५४ हे क्रमांक आत्ताच जतन करून ठेवा.

कुठं पाग टाकू नये?

गटार किंवा कारखान्याचं सांडपाणी जिथं सुटतं, पाण्याला वास किंवा तवंग आहे, तिथला मासा आणि त्याहीपेक्षा तिथली कालवं-मुळे घेऊ नका. शिंपावर्गातले जीव पाणी गाळूनच जगतात, पाण्यातली घाण त्यांच्यात साठते. मेलेला मासा तरंगताना दिसला तर तो गोळा करू नका. फोटो काढा आणि ग्रामपंचायतीला, मत्स्यव्यवसाय कार्यालयाला कळवा.

दुसऱ्याचे डोलीचे खुंट, रापणीची जागा, लावलेली जाळी यांच्या जवळ पाग टाकू नये. पोटावर पाय देऊन हौस करू नये हा खाडीचा जुना रिवाज आहे. नवीन गावात गेलात तर आधी तिथल्या मच्छीमार बांधवांना विचारा. विचारलं की बहुतेक जण स्वतः जागा दाखवतात.

कायद्याच्या गोष्टीही माहीत असाव्यात. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा आहे. १ जूनपासून लागणारी पावसाळी बंदी यांत्रिक नौकांसाठी असते, पण त्या दिवसांत बरीच मासळी अंड्यांवर असते हे पागवाल्यानंही लक्षात ठेवावं. सुरुंग किंवा विष घालून मासे मारणं हा गुन्हा आहे. तिवरं तोडणं हाही गुन्हा आहे. २०२० साली राज्यानं सफेद चिप्पी हा कांदळवन वृक्ष म्हणून जाहीर केला. ती तिवरं गेली तर पिल्लांचा आसरा जाईल, आणि बांधही फुटतील. लहान मासा मारू नये म्हणून २०२३ मध्ये राज्य सरकारनं ५४ जातींसाठी किमान आकार ठरवून दिला आहे. आपल्यापुरता साधा नियम असा, की करंगळीएवढी बोय आणि पोटाला अंडी असलेली चिंबोरी परत पाण्यात सोडायची.

जागेची वही ठेवा

शेवटचं आणि फुकटचं काम. एक वही करा किंवा मोबाईलवरच लिहा. तारीख, तिथी, पाणी चढतं होतं की उतरतं, वारा, जागा आणि काय मिळालं. मिळालं नाही तेही लिहा. पुऱ्या ओहोटीला प्रत्येक जागेचा काठावरून फोटो काढून ठेवा. भरतीत तिथं उभं राहिलात की चर कुठं आहे ते फोटोत दिसेल. मोबाईलच्या नकाशावर उपग्रहाचं चित्र लावलं तर खाडीतले चर आणि दांडे वरून दिसतात. फक्त ते चित्र जुनं असू शकतं, पावसाळ्यानं दांडा हललेला असू शकतो, म्हणून त्यावर भरवसा ठेवून चर ओलांडू नका. दोन वर्षं वही लिहिलीत तर गावातल्या जाणत्या माणसाला विचारायची वेळ येणार नाही. उलट लोक तुम्हाला विचारतील.

थोडक्यात सांगायचं तर घरून निघण्याआधी पाच प्रश्न स्वतःला विचारा. आज तिथी कुठली आणि ओहोटी किती वाजता? तळ पायाला घट्ट आहे का? तिथं माशाला खायला काय आहे? पाणी कुठल्या वाटेनं उतरतं? आणि मी परत कुठल्या वाटेनं येणार? पहिल्या चारांचं उत्तर चुकलं तर त्या दिवशी घरी पिठलं-भात होईल. पाचव्याचं चुकून चालणार नाही.

गावी येणाऱ्या चाकरमानी मंडळींपर्यंत ही माहिती नक्की पोचवा. तुमच्या खाडीतली भरतीची वेळ आणि आमच्याकडची यात फरक असेल, तर तो आपल्या गावच्या ग्रुपवर लिहून ठेवा. नव्या माणसाच्या उपयोगी पडेल.